उरलेलीं औषधें

भाद्रपद जवळ आला, कीं आपल्या घरांतून झाडलोटीस प्रारंभ होतो. गणपति बसावयाची जागा मोकळी व्हावी म्हणून कपाटें सरकतात, माळ्यावरचे डबे खालीं उतरतात, आणि वर्षभर जिकडे कोणाची दृष्टि गेली नाहीं असे कोपरे उजेडांत येतात. या उलाढालींत एक खण मात्र बहुधा तसाच राहतो. तो औषधांचा. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असल्या, तर त्या खणांत आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आजीच्या गुडघ्यांचें मलम, सुनेच्या बाळंतपणांतील लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, धाकट्याच्या कानांत घालावयाचे थेंब आणि मागें कोणास तरी आलेल्या कोणत्या तरी तापाच्या अर्धवट पट्ट्या, असा सर्व संसार गुण्यागोविंदानें राहत असतो. तो टाकवत नाहीं. कारण त्यास पैसे पडले आहेत. आणि तो वापरवतहि नाहीं; कारण कोणती गोळी कशाची, हें आतां कोणासच खात्रीनें सांगतां येत नाहीं.

अशा खणापुढें उभी राहिलेली गृहिणी बहुधा एकच विचार करते : ज्यांना औषध परवडत नाहीं अशा कोणास हें दिलें, तर त्याचेंहि काम होईल आणि आपलाहि पैसा सत्कारणीं लागेल. विचार चांगला आहे. परंतु औषध ही अशी वस्तु आहे, कीं ती देतांना हात मोकळा आणि डोळे मिटलेले असून चालत नाहीं. मालाड (पूर्व) येथील एका वाचक भगिनीचें पत्र मध्यंतरीं आमच्याकडे आलें. त्यांतील प्रश्न इतका नेमका होता, कीं या महिन्याचें पान त्यासच द्यावें असें वाटलें.

त्यांचे सासरे नऊ महिन्यांच्या दुखण्यानंतर ज्येष्ठांत वारले. दुखणें फुफ्फुसाच्या कॅन्सरचें होतें. रोज एक गोळी घ्यावयाची, आणि तीस गोळ्यांच्या एका डब्यास जवळजवळ बत्तीस हजार रुपये पडत. घरांतील तिघांच्या पगारांतून, आणि अखेरीस सासूबाईंच्या पाटल्या मोडून, तें औषध चालविलें होतें. सासरे गेले तेव्हां दोन डबे न फोडलेले आणि एका डब्यांत अकरा गोळ्या अशी शिल्लक राहिली. शिवाय फ्रिजमध्यें इन्शुलिन, आणि एक हवेची गादी. दुकानदारानें डबे परत घेण्याचें नाकारलें. त्यांच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या बाई कुरारला राहतात. त्यांच्या भावासहि 'तेंच दुखणें' झालें आहे. भगिनी लिहितात : 'चौसष्ट हजारांचें औषध कपाटांत ठेवून मी रोज सकाळीं त्या बाईच्या तोंडाकडे कशी पाहूं? तिला तें देऊन टाकूं का?'

या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें, तर प्रथम 'तेंच दुखणें' या दोन शब्दांपाशीं थांबलें पाहिजे. कॅन्सर हें एका रोगाचें नांव नव्हे, कित्येक रोगांच्या कुळाचें आडनांव आहे. एका इंद्रियाच्या कॅन्सरवर चालणारें औषध दुसऱ्या इंद्रियाच्या कॅन्सरवर चालेलच असें नाहीं. एवढेंच नव्हे, फुफ्फुसाच्याच कॅन्सरवरील अलीकडच्या गोळ्यांपैकीं कित्येक अशा आहेत, कीं गाठीचा तुकडा तपासून तींत एक ठराविक जनुकीय बदल सांपडला, तरच त्या लागू पडतात. नाहीं तर रोग्याच्या वांट्यास औषधाचा केवळ त्रास येतो आणि योग्य उपचाराचा वेळ निघून जातो. म्हणून आम्हीं त्यांस कळविलें, कीं गोळ्या बाईंच्या हातीं देऊं नका. भावाचे कागद घेऊन, ज्या रुग्णालयांत सासऱ्यांचे उपचार झाले तेथील समाजसेवा विभागांत जा.

त्या गेल्या. भावाचें दुखणें तोंडाचें निघालें. तंबाखूनें होतें तें. त्या गोळ्यांचा त्यास कांहींएक उपयोग नव्हता. दोन बंद डबे, डॉक्टरांची चिठ्ठी व दुकानाची पावती पाहून, रुग्णालयानें ठेवून घेतले; फोडलेला डबा घेण्याचें नाकारलें. आणि बाईंच्या भावासाठीं धर्मादाय निधीचा अर्ज त्याच टेबलावर भरला गेला. त्या अर्जास कोणते दाखले जोडावयाचे, हें बाईंना ठाऊक नव्हतें व आमच्या वाचक भगिनींना एका दुपारींत समजलें. शस्त्रक्रिया झाल्याचें त्यांचें दुसरें पत्र आलें आहे.

आतां हा विषय जरा विस्तारानें पाहूं. मालाडसारख्या उपनगरांत आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही अंगांस दोन निरनिराळीं जगें कशीं शेजारींशेजारीं राहतात, हें तेथील रहिवाशांस सांगावयास नको. एकीकडे लिबर्टी गार्डन, ऑर्लेम, एव्हरशाइननगर; तिकडेच पुढें मालवणीची दाट वस्ती. दुसरीकडे दफ्तरी रोडवरील जुनीं घरें आणि त्यांच्यामागें डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेलें कुरार. महानगरपालिकेचीं स. का. पाटील आणि म. वा. देसाई हीं रुग्णालयें याच बाजूस आहेत. सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी अल्प मोलांत होते. परंतु भांडारांत नसलेल्या औषधाची चिठ्ठी जेव्हां रोग्याच्या हातीं पडते, तेव्हां खरी परीक्षा रस्त्यापलीकडच्या दुकानांत होते. चिठ्ठीवरील पांच औषधांपैकीं दोनच घेऊन, तीं देखील चार दिवसांपुरतीं घेऊन, परत जाणारीं माणसें कोणत्याहि औषधाच्या दुकानांत घटकाभर उभें राहिलें तर दिसतील. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ३९.४ इतका भाग कुटुंबांनीं स्वतःच्या खिशांतून केला. २०१३-१४ मध्यें हाच भाग शेंकडा ६४.२ होता. म्हणजे सुधारणा झाली आहे हें खरें. पण ज्याच्या खिशांतच कांहीं नाहीं त्यास शेंकड्याचें गणित काय सांगावें?

एकीकडे उरतें आणि दुसरीकडे पुरत नाहीं, हें ज्यांच्या डोळ्यांत खुपलें व ज्यांनीं कांहीं केलें, अशांचीं उदाहरणें आपल्याच मुंबईंत आहेत. कोरोनाची दुसरी लाट भरांत असतां, मे २०२१ च्या आरंभीं डॉ. मार्कस रॅनी व डॉ. रैना रॅनी या दांपत्यानें 'मेड्स फॉर मोअर' नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांच्याकडे काम करणाऱ्याच्या घरीं आजार शिरला, औषधें महाग, आणि त्याच वेळीं बरे झालेल्या शेजाऱ्यांच्या घरीं तींच औषधें पडून होतीं. एवढ्या साध्या निरीक्षणांतून काम उभें राहिलें. गृहनिर्माण संस्थांतील शेजाऱ्यांनीं आपापल्या इमारतींतून औषधें गोळा केलीं, आणि पहिल्या दहा दिवसांतच वीस किलो औषधें जमलीं. त्यांत तापाच्या गोळ्या, प्रतिजैविकें, जीवनसत्त्वें, श्वासावाटें घेण्याचीं औषधें, शिवाय तापमापकें आणि रक्तांतील प्राणवायु मोजण्याचीं यंत्रेंहि होतीं. हें सर्व वेगळें करून, बांधून, ग्रामीण भागांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे धाडण्यांत आलें. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं गोळा करणारे स्वतः डॉक्टर होते, आणि माल थेट रोग्याच्या हातीं न जातां आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे गेला. दिल्लीचे ओंकारनाथ शर्मा यांची गोष्ट याहून निराळ्या धाटणीची. रक्तपेढींत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ. २००८ सालीं लक्ष्मीनगर येथें मेट्रोचा पूल कोसळल्यावर जखमी गरिबांस औषध मिळत नाहीं हें पाहून बाहेर पडला, आणि भगव्या रंगाचा सदरा घालून दारोदार औषधें मागूं लागला. लोक त्यांस 'मेडिसिन बाबा' म्हणूं लागले. अधू पायांनीं मैलोगणती चालणाऱ्या या वृद्धाविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु आदर निराळा आणि रीत निराळी. मुंबईच्याच उपक्रमांतील एक बाब पहा. त्या वेळीं घरोघर उरलेल्या औषधांत आयव्हरमेक्टिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीं हमखास असत. पुढें सप्टेंबर २०२१ मध्यें भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शनांतून दोन्ही वगळण्यांत आलीं. घरांत आहे म्हणून तें उपयोगी आहे, असा नियम नाहीं.

कठोपनिषदांतील वाजश्रवसाची कथा आपल्या घरांत नवीन नाहीं. सर्वस्व दान करण्याचा संकल्प करून त्यानें यज्ञ मांडला आणि गाई दिल्या त्या कशा? ज्यांचें पाणी पिऊन झालेलें, गवत खाऊन झालेलें, दूध देऊन झालेलें, अशा. देणाऱ्याचें ओझें उतरलें आणि घेणाऱ्याच्या गळ्यांत पडलें. तें पाहून अस्वस्थ झाला तो घरांतला पोर, नचिकेता. पुढची यमाची भेट आणि आत्मविद्या सर्वांच्या ध्यानांत राहते. त्या कथेचा आरंभ वाईट दानापासून होतो, हें मात्र आपण विसरतों. मुदत संपत आलेल्या गोळ्यांची पिशवी मंदिराच्या वा दवाखान्याच्या दाराशीं ठेवून निघून जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरांत नचिकेता जन्मावा, इतकेंच म्हणतों.

जगाच्या व्यवहारांत हें किती मोठ्या प्रमाणावर घडलें आहे, त्याचे दोन दाखले देतों. १९८८ च्या डिसेंबरांत आर्मेनियांत भूकंप झाला. देशोदेशींहून पांच हजार टन औषधें व वैद्यकीय सामान येऊन पडलें. काय आलें आहे याचा नुसता उलगडा होण्यास पन्नास माणसांस सहा महिने लागले. शेंकडा आठ औषधांची मुदत पोंचतांनाच संपलेली. शेंकडा चार थंडीनें गोठून नासलेलीं. आणि उरलेल्यांपैकीं शेंकडा तीसच अशीं, कीं जीं सहज ओळखतां यावीं. पुढें १९९२ ते १९९६ या काळांत बोस्नियाच्या युद्धांत तर सुमारें सतरा हजार टन निरुपयोगी औषधें सांचलीं, आणि युद्धानें मोडलेल्या त्या देशास तीं नष्ट करण्याचीच विवंचना पडली. या अनुभवांवरून १९९६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील एक तत्त्व आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें : दर्जाचीं दोन मापें नकोत. जें औषध देणारा आपल्या देशांत चालवूं देणार नाहीं, तें दुसऱ्यास चालेल असें म्हणूं नये. त्याच नियमांत असेंहि सांगितलें आहे, कीं रोग्यांनीं परत केलेलीं औषधें दान म्हणून धाडूंच नयेत, आणि धाडलेल्या औषधाची पोंचण्याच्या वेळीं निदान एक वर्ष मुदत शिल्लक असावी. फ्रान्समध्यें १९९३ पासून औषधांच्या दुकानांतून घरगुती औषधें जमा होत व त्यांतील चांगलीं परदेशीं धर्मादाय पाठविलीं जात. तेथेंहि कायदा करून २००८ च्या अखेरीस हें पुनर्वाटप बंद केलें, आणि आतां जमा झालेलें सर्व जाळलें जातें. उलट अमेरिकेंत आयोवा संस्थानानें २००७ पासून न फोडलेलीं औषधें तज्ज्ञांकरवीं तपासून गरजूंस देण्याची व्यवस्था केली, आणि इतर कित्येक संस्थानांनीं तसे कायदे केले आहेत. तेव्हां शहाण्या लोकांतहि या बाबतींत एकमत नाहीं.

आमचें मत विचाराल, तर समुद्रापलीकडे पेट्या धाडणें आणि मालाडहून परळला दोन बंद डबे नेणें यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रसंगीं घेणारा डॉक्टर समोर असतो. त्यास पावती दाखवितां येते, प्रश्न विचारतां येतात, तो नाहीं म्हणूं शकतो. नाहीं म्हणण्याची सोय घेणाऱ्यास असली, म्हणजे दानांतील अर्धी खोट निघून जाते.

आपल्याकडील कायदाहि साधारणपणें याच दिशेनें बोट दाखवितो. १९४० च्या औषधविषयक कायद्याप्रमाणें औषधांची विक्री, विक्रीसाठीं सांठा अथवा वाटप हीं परवान्यावांचून करतां येत नाहींत. 'आम्ही पैसे घेत नाहीं' हें त्यावर उत्तर होत नाहीं. नोंदणीकृत डॉक्टरानें आपल्या रोग्यास औषध देणें यास कांहीं अटींवर सूट आहे. म्हणून सोसायटीच्या कार्यालयांत खोका ठेवून, ज्यास हवें त्यानें न्यावें अशी औषधपेटी मांडणें, हा प्रकार हेतु कितीहि शुद्ध असला तरी करूं नये. खोका ठेवावा, पण त्याची किल्ली डॉक्टरकडे वा रुग्णालयाकडे असावी. मॉर्फिनसारखीं तीव्र वेदनाशामकें तर त्या खोक्यांतहि घालूं नयेत. त्यांना निराळा, अधिक कडक कायदा लागू आहे. कॅन्सरच्या घरीं तीं उरलीं असतील, तर ज्यांनीं लिहून दिलीं त्या डॉक्टरांसच विचारावें.

खरा घोटाळा मात्र खोक्यांत होत नाहीं. तो स्वयंपाकघराच्या दारांत होतो. धुणें-भांडी करणाऱ्या बाई म्हणतात, दोन दिवस अंगांत कणकण आहे. मालकीणबाई खण उघडतात, मागच्या तापाची पट्टी काढतात आणि 'ही घे, आम्हांला हिनेंच उतार पडला' म्हणून हातावर ठेवतात. यांत दुष्टावा नाहीं, मायाच आहे. पण पुढें काय होतें तें पहा. त्या चार गोळ्या प्रतिजैविकाच्या असतात. ताप विषाणूंचा असेल, तर त्यांचा उपयोग शून्य. ताप क्षयाचा असेल, तर कांहीं प्रतिजैविकें अशीं आहेत, कीं त्यांनीं चार दिवस बरें वाटतें, निदान महिनाभर लांबतें, आणि जंतु तेवढ्यांत त्या औषधास सरावतात. हें मुंबईंत बोलतांना उगीच भीति घालणें नव्हे. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तपासलेल्या कोणत्याहि औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी जगापुढें मांडले, तेव्हां सर्वत्र खळबळ उडाली, आणि २०१२ सालीं सरकारनें क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद कळविणें बंधनकारक केलें. चुकीच्या आणि अर्धवट औषधयोजनेचीं हीं फळें. क्षयाचीं औषधें सरकारी योजनेंत विनामूल्य मिळतात. तीं कोणीं कोणास द्यावयाचें कारणच नाहीं.

मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट तशीच. आपल्या घरीं भरपेट न्याहारीनंतर घेतली जाणारी गोळी, सकाळीं नुसत्या चहावर कामास निघालेल्या बाईनें घेतली, तर साखर एकाएकीं उतरून ती लोकलच्या गर्दींत कोसळेल. सांधेदुखीवर 'जादूसारख्या' ठरलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड असेल तर काय होतें, हें तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांस एकदां विचारा. बाईंना खरोखर मदत करावयाची, तर एका दिवसाची भरपगारी रजा द्यावी आणि दवाखान्यांत जावयास सांगावें. पालिकेचे दवाखाने सकाळीं चालतात, आणि आपली धुण्या-भांड्यांची वेळहि सकाळचीच असते. ही अडचण आपल्याच हातांत आहे.

मग काय द्यावें? न फोडलेलें, मूळ वेष्टनांतलें, नांव, बॅच क्रमांक व मुदत स्पष्ट वाचतां येणारें, निदान कांहीं महिने मुदत असलेलें औषध. यांत आपल्याकडे एक विशेष अडचण येते. आपले दुकानदार पट्टी कात्रीनें कापून हव्या तेवढ्या गोळ्या देतात. गरिबाच्या दृष्टीनें ती सोयच आहे. परंतु मुदत पट्टीच्या एका टोंकास छापलेली असते, आणि तें टोंक एकाकडे व गोळ्या दुसऱ्याकडे जातात. अशी मुंडकें उडालेली पट्टी दानास निरुपयोगी. फोडलेलीं पातळ औषधें, डोळ्यांचे थेंब, फोडलेलीं मलमें, हींहि बाजूस काढावीं. इन्शुलिन न उघडलेलें असलें तरी तें दोन ते आठ अंश उष्णतेंत अखंड राहिलें पाहिजे. आपल्याकडे चार तास वीज गेली होती कीं नाहीं, हें आपण शपथेवर सांगूं शकतों का? सांगतां येत नसेल, तर देऊं नये.

मुदतीविषयीं पुष्कळांस एक शंका असते. 'मुदत संपली म्हणजे औषध लगेच विष होतें का?' नाहीं. अमेरिकन लष्करानें आपला सांठा वाया जाऊं नये म्हणून १९८६ पासून जुन्या औषधांची तपासणी चालविली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत १२२ औषधांच्या तीन हजारांवर नमुन्यांपैकीं शेंकडा ८८ नमुने मुदतीनंतर निदान एक वर्ष टिकाऊ ठरले. हें वाचून कोणी आपला खण मोकळा करावयाचें थांबूं नये. तीं औषधें बंद वेष्टनांत, ठराविक उष्णतामानाच्या कोठारांत ठेवलेलीं होतीं. आपली औषधें मार्व्याच्या खाऱ्या वाऱ्यांत, आषाढाच्या दमटपणांत, आणि बहुतेक घरांत न्हाणीघराच्या आरशामागें किंवा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर असतात. तेथें छापलेल्या मुदतीचाहि भरंवसा नाहीं, मग पलीकडची गोष्ट कशाला?

महागड्या औषधांस हा सर्व खटाटोप शोभतो. स्वस्त औषधांस शोभत नाहीं. तापाच्या दहा गोळ्या कोठें तरी पोंचविण्यास रिक्षाचें भाडें त्यांच्या किंमतीच्या अनेक पट होतें. तेवढेच पैसे रोग्यास दिले, तर जनऔषधि दुकानांतून ताजें, पुरेसें आणि त्याच्या चिठ्ठीबरहुकूम औषध येतें. ही योजना २००८ पासून आहे, आणि तींतील औषधें मोठ्या छापाच्या औषधांहून पुष्कळच स्वस्त असतात. तरी आपल्या सुशिक्षित घरांतून 'स्वस्त म्हणजे हलकें' ही समजूत अजून गेलेली नाहीं. किंमतींत केवढें अंतर असूं शकतें, याचें ठळक उदाहरण रक्ताच्या एका कॅन्सरवरील ग्लिव्हेक या औषधाचें. त्याचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरांत. तेंच औषध देशी कारखान्यांकडून आठ-दहा हजारांत मिळे. त्याच्या पेटंटविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १९६९ सालीं य. के. सप्रू यांनीं स्थापिलेली ही संस्था मुख्यतः गरीब रोग्यांस औषधें मिळवून देणारी. सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं पेटंटचा दावा फेटाळला. घराघरांतून डबे गोळा करून जें वर्षानुवर्षें साधलें नसतें, तें एका निकालानें टिकून राहिलें.

औषधाहून सोपें दान रुग्णसाहित्याचें. चाकाची खुर्ची, कुबड्या, चालावयाचा आधार, हवेची किंवा पाण्याची गादी, पलंगावरचें भांडें. महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत व मुंबईच्या उपनगरांतहि अनामत घेऊन अशा वस्तु वापरावयास देणारीं केंद्रें धर्मादाय संस्था चालवितात. वस्तु धुऊन, वाळवून द्यावी. चाकांना तेल घालावें. आमच्या वाचक भगिनींची गादी अशाच एका केंद्रांत गेली, आणि तिसऱ्या दिवशीं तिला बिऱ्हाड मिळालें.

राहिलें तें, जें कोणासच देतां येत नाहीं. खरें पाहतां खणांतील बहुतेक माल याच वर्गांत पडतो, आणि तो मोरींत ओतणें किंवा तसाच कचऱ्यांत फेंकणें हा रूढ उपाय आहे. टाकलेली वस्तु नाहींशी होते, अशी आपली समजूत असते. मालाडकरांनीं तरी ती बाळगूं नये. चिंचोली बंदरजवळच्या जुन्या कचराभूमीवर माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती उठल्या, आणि जमिनींतून येणाऱ्या वायूंनीं आंतील संगणकांचे धातु काळवंडूं लागले, ही हकीकत त्यांच्या गांवचीच. गुरांना टोंचलेल्या डायक्लोफेनॅकनें मेलेल्या जनावरांवर जगणारीं गिधाडें कोट्यवधींनीं मेलीं. कारण २००४ मध्यें उमगलें, २००६ मध्यें गुरांसाठीं तें औषध बंद झालें. माणसाच्या गोळ्याहि पोइसरच्या नदींतून मालाडच्या खाडींतच जातात.

२०१६ च्या घनकचरा नियमांनीं मुदत संपलेल्या औषधांची गणना घरगुती धोकादायक कचऱ्यांत केली. केरळनें २०२५ मध्यें कोळिकोडपासून आरंभ करून घरोघरचीं निकामी औषधें गोळा करण्याची योजना हातीं घेतली. त्याच वर्षीं केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनें विल्हेवाटीचें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत मॉर्फिनच्या जातीचीं वगैरे सतरा औषधें, चुकून कोणाच्या हातीं पडूं नयेत म्हणून, शौचकुपांत सोडावीं असें आहे. इतर औषधांस तो मार्ग नाहीं. मुंबई महानगरपालिकेनेंहि एप्रिल २०२५ मध्यें डायपर, वापरलेल्या पट्ट्या, सुया व जुनीं औषधें वेगळीं नेण्याची व्यवस्था सुरू केली असून तिच्यासाठीं सोसायटीनें नांव नोंदवावें लागतें. तुमच्या सोसायटीनें तें केलें आहे का, हें चिटणीसांस या गणपतींतच विचारा. वर्गणीसाठीं ते नाहीं तरी दाराशीं येणारच आहेत. नोंदणी होईपर्यंत गोळ्या पट्टींतून काढून ओल्या चहाच्या चोथ्यांत कालवाव्या, पिशवीचें तोंड बांधावें आणि डब्यांवरील रोग्याचें नांव शाईनें खोडावें. इन्शुलिनच्या सुया मात्र कधींहि पिशवींत टाकूं नयेत. त्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलींत घालून, झांकण घट्ट लावून, वर 'सुया' असें मोठ्या अक्षरांत मराठींत व हिंदींत लिहावें. कचरा वेंचणाऱ्या माणसाचे हात उघडे असतात.